जमिनीशी जोडावं की तोडावं? मद्रासच्या ट्रामपासून मणलीच्या तेलवाहिनीपर्यंत



आजचा विषय जमिनीखालचा आहे. तलवारी नाहीत, तोफा नाहीत, राजे-रजवाडे नाहीत. पण युद्ध आहे, आणि ते गेली सव्वाशे वर्षं आपल्या पायाखाली चालू आहे. एका बाजूला लोखंडी पाइप, दुसऱ्या बाजूला गंज. आणि मध्ये वीज, जी कधी या बाजूने लढते, कधी त्या.

आधी प्रश्न सांगतो. विजेचं काम करणारा कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की धातूची वस्तू अर्थ केलीच पाहिजे. घरातला फ्रिज घ्या, कारखान्यातली मोटर घ्या, पेट्रोलची टाकी घ्या. अर्थिंग नसेल तर शॉक बसेल, ठिणगी पडेल, जीव जाईल. आता गंजापासून पाइपलाइन वाचवणाऱ्या माणसाला विचारा. तो म्हणेल, कृपा करून माझ्या पाइपला अर्थिंग करू नका, पाइप सडेल. दोघेही शिकलेले, दोघेही अनुभवी, आणि दोघांचंही बरोबर. मग करायचं काय? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपण बघणार आहोत. मी निवृत्तीनंतर चेन्नईत राहतो, आणि हा इतिहास या शहरात थरावर थर रचलेला आहे, म्हणून गोष्ट इथूनच सांगतो.

जस्ताची बादली आणि कोचीनचं जहाज

सुरुवात घरातल्या बादलीपासून करू. जुन्या वाड्यांमध्ये विहिरीवर जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली असायची. दोर घासून मुलाम्यावर चरा पडायचा, आतलं लोखंड उघडं व्हायचं, तरी तिथे लगेच गंज धरत नसे. याचं कारण असं, की दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील आणि दोघेही ओले असतील, तर त्यांची छोटी बॅटरीच तयार होते. त्या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. जस्त झिजतं, लोखंड वाचतं. झिजणाऱ्याला म्हणतात ॲनोड, वाचणाऱ्याला कॅथोड. ज्या धातूला वाचवायचं त्याला मुद्दाम कॅथोड बनवायचं, याचंच नाव कॅथोडिक प्रोटेक्शन. आपण सोयीसाठी सीपी म्हणू.

हा विचार पहिल्यांदा पद्धतशीर मांडला सर हम्फ्री डेव्ही यांनी, १८२४ मध्ये. ब्रिटिश आरमाराची जहाजं लाकडी होती आणि त्यांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असे. समुद्राच्या पाण्यात तो पत्रा खाल्ला जायचा. डेव्ही म्हणाले, त्या तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, ते तुकडे झिजतील आणि तांबं टिकेल. ज्या जहाजावर हा प्रयोग गाजला त्याचं नाव ‘समारंग’, आणि ते बांधलं गेलं होतं आपल्याकडे, कोचीनला. तुकडे लावून जहाज नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन परत आलं. तांबं जवळजवळ जसंच्या तसं होतं.

पण तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसला होता. तांबं थोडं थोडं विरघळतं, ते विरघळलेलं तांबं विषारी असतं, आणि त्या विषामुळेच समुद्री जीव तळाला चिकटत नव्हते. तांबं वाचवलं तर विष संपलं, आणि जहाजाचा वेग गेला. शेवटी आरमाराने ते तुकडे काढून टाकले. शास्त्र बरोबर होतं, तरीही उपाय अंगाशी आला. हे लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीत हे पुन्हा पुन्हा होणार आहे.

मद्रासची ट्राम

आता चेन्नईत येऊ. ७ मे १८९५ रोजी मद्रासमध्ये विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली. भारतातली ही पहिली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी. मद्रासच्या ट्रामला सुरुवातीला वीज रस्त्याखालच्या खाचेतून दिली जायची. मद्रासचा पावसाळा तुम्हाला ठाऊक असेल. पाणी तुंबलं की खाच भरायची आणि ट्राम थांबायची. काही पावसाळे सोसल्यावर वरून तार टाकावी लागली.

वरून तार टाकली की वीज ट्राममध्ये येते वरून, आणि वीजकेंद्राकडे परत जाते रुळांतून. ही होती डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. रूळ जमिनीत टेकलेले. आता वीज काही नुसती रुळांतूनच जाईल अशी शपथ घेत नाही. तिला जो रस्ता सोपा वाटतो तो ती धरते. जवळून पाण्याचा बिडाचा नळ जात असेल, तर थोडी वीज मातीतून त्या नळात शिरते, नळातून आरामात प्रवास करते, आणि वीजकेंद्र जवळ आलं की नळातून बाहेर पडून रुळांत जाते. ती जिथे नळात शिरते तिथे नळाला काही होत नाही. उलट तिथे त्याचं रक्षणच होतं. पण जिथे ती नळातून मातीत बाहेर पडते, तिथे लोखंड सोबत घेऊन जाते.

किती लोखंड? एक अँपिअर डी.सी. वर्षभर अशी बाहेर पडत राहिली, तर सुमारे ९ किलो. एक अँपिअर म्हणजे किती, तर घरातल्या इस्त्रीला यापेक्षा जास्त वीज लागते. आणि बिडाच्या नळाचं आणखी एक फसवं लक्षण असतं. लोखंड निघून जातं आणि आतलं ग्रॅफाइट तिथेच राहतं. नळ दिसायला शाबूत असतो, पण चाकूने खरवडला तर पेन्सिलीच्या शिशासारखा निघतो.

१८९० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनसारख्या शहरांत हे उघडकीला आलं. ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडने नियमच केला की परतीच्या रुळांवर कुठल्याही दोन ठिकाणांमधला फरक ७ व्होल्टपेक्षा जास्त नको. तो नियम होता पाण्याच्या आणि गॅसच्या नळांच्या जिवासाठी. मद्रासमध्ये १८७२ पासून रेड हिल्सच्या तलावाचं पाणी शहरात येत होतं, १९१४ मध्ये किल्पॉकचं जलकेंद्र उभं राहिलं. म्हणजे एकाच रस्त्याच्या पोटात पाण्याचा नळ आणि पाठीवर ट्राम, असा तो काळ होता.

या रोगावर पहिला उपाय निघाला तो बाँडिंगचा. बाँड म्हणजे मुद्दाम केलेली धातूची जोडणी. विचार साधा होता. वीज नळातून मातीत बाहेर पडते म्हणून लोखंड जातं ना? मग तिला मातीत पडूच देऊ नका. वीजकेंद्राजवळ नळाला जाड केबल जोडा आणि ती सरळ परतीच्या बाजूला न्या. धातूतून धातूत वीज गेली तर लोखंड झिजत नाही. त्या जागेपुरता रोग बरा झाला. पण आता परतीचा रस्ता सोपा झाल्यामुळे नळात पूर्वीपेक्षा जास्त वीज शिरू लागली. नळाचे सांधे शिसं ओतून केलेले, वीज तिथे अडायची, मातीतून वळसा घालून पुढच्या तुकड्यात जायची, आणि प्रत्येक सांध्यापाशी थोडं थोडं लोखंड खायची. एका दाराने घालवलेला चोर दहा खिडक्यांतून आत आला. समारंग जहाजाची गोष्ट आठवली ना?

शत्रूला नोकरीवर ठेवलं

पुढचं वळण आलं १९२८ मध्ये, अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सला. रॉबर्ट कून नावाचे इंजिनिअर गॅसच्या पाइपलाइनवर काम करत होते. त्यांनी उलटा विचार केला. वीज जिथे पाइपात शिरते तिथे पाइप वाचतो, हे सगळ्यांना दिसत होतंच. मग आपण स्वतःच सगळ्या पाइपभर वीज बाहेरून आत का पाठवू नये? जमिनीत काही अंतरावर वेगळे ॲनोड पुरायचे, त्यांतून मातीत वीज सोडायची आणि ती पाइपात शिरेल अशी व्यवस्था करायची. झिजायचं ते ॲनोडने झिजावं.

किती वीज पुरेशी, याचं मापही त्यांनीच दिलं. तांब्याची कांडी मोरचुदाच्या द्रावणात बुडवून एक संदर्भ तयार करतात. तो जमिनीवर टेकवून पाइपचा दाब मोजायचा. उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आला तर पाइप सुरक्षित. आजही पाइपलाइनवर चालत जाणारा तंत्रज्ञ हेच माप घेतो. मोरचूद आपल्या द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं. तेच मोरचूद इथे पाइपाची नाडी बघायला वापरतात.

इथे आपला मूळ प्रश्न जन्माला आला. पाइपवर चांगला लेप असेल तर उघडं लोखंड फार थोडं राहतं, आणि मग दोन-तीन अँपिअर वीज अनेक किलोमीटर पाइपाला पुरते. पण हाच पाइप पंपिंग स्टेशनच्या अर्थिंगला जोडला तर? अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेल्या उघड्या पट्ट्या, नळ्या, मीठ-कोळसा भरलेले खड्डे. त्यांचं कामच मुळी मातीशी उत्तम संबंध ठेवण्याचं. पाइपसाठी सोडलेली वीज पाइपला सोडून या पट्ट्यांत शिरते. वर ती पट्टी तांब्याची असेल तर बादलीचा हिशोब उलटा होतो. लोखंड आणि तांबं यांच्या जोडीत झिजायची पाळी लोखंडाची, म्हणजे पाइपाची.

म्हणून स्टेशनच्या कुंपणापाशी पाइप विजेच्या दृष्टीने तोडतात. पाइप सलगच दिसतो, तेल सलगच वाहतं, पण मध्ये एक इन्सुलेटिंग जॉइंट असतो. दोन फ्लँजांमध्ये वीज न जाऊ देणारी चकती, आणि प्रत्येक बोल्टभोवतीही तशीच नळी. अलीकडे स्टेशनचं राज्य, पलीकडे सीपीचं.

कारैकुडी, मणली आणि दोन पुस्तकं

हे शास्त्र भारतात रुजलं ते तामिळनाडूतच. कारैकुडीला डॉ. अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले. २५ जुलै १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, आणि १४ जानेवारी १९५३ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था सुरू झाली. त्याच १९५३ मध्ये मद्रासची ट्राम बंद पडली. एक गंजाचं कारण गेलं आणि गंजाचं शास्त्र आलं.

मग १९६९ मध्ये चेन्नईच्या उत्तरेला मणलीची रिफायनरी सुरू झाली. हिमाचलातलं मनाली नव्हे बरं का, हे आपलं दमट हवेचं, खाऱ्या जमिनीचं मणली. बंदरावर उतरलेलं कच्चं तेल ३० इंची पाइपलाइनमधून तिकडे जायचं, आणि ती लाइन दाट वस्तीतून जायची. समुद्राजवळची ओली, खारी माती म्हणजे गंजासाठी पंचपक्वान्नं. पुढे तिच्या जागी ४२ इंचांची नवी लाइन टाकण्यात आली.

आपल्याकडे अर्थिंगचं प्रमाण ठरवणारी आय.एस. ३०४३ ही संहिता आली १९६६ मध्ये. सीपीची आय.एस. ८०६२ आली १९७६ मध्ये. मधली दहा वर्षं पाहा. विजेची पिढी अर्थिंगचं पुस्तक वाचून तयार झाली, गंजाची पिढी नंतर आली, आणि बहुतेक ठिकाणी ही दोन पुस्तकं दोन वेगळ्या टेबलांवर राहिली.

याचा एक नमुना मी नोकरीत असताना एका इंधन डेपोत पाहिला. डेपोचं नाव नको. तेल वाहताना घर्षणाने स्थिर वीज तयार होते, म्हणून फ्लँजवरून तांब्याची पट्टी टाकून दोन्ही बाजू जोडतात. त्याला जंपर म्हणतात. सुरक्षा तपासणीला आलेल्या पथकाने एका फ्लँजवर जंपर नाही हे हेरलं आणि तसा शेरा मारला. आठवड्यात जंपर बसला, फोटो काढला, शेरा मिटला. तो फ्लँज इन्सुलेटिंग होता. पुढच्या मोजणीत बाहेरच्या लाइनचं माप ०.८५ च्या खाली आलं. रेक्टिफायर वाढवून पाहिला, उपयोग नाही. अखेर एका जुन्याजाणत्या हवालदाराने कुंपणापाशी जाऊन चकाकणारी नवी पट्टी दाखवली, “साहेब, ही आधी नव्हती.” पट्टी काढली, माप जागेवर आलं. त्या पथकाला मी दोष देत नाही. त्यांच्या पुस्तकात ते बरोबरच होतं.

दुसरा शत्रू: ए.सी.

आता तुम्ही म्हणाल, तोडून टाकलं की प्रश्न मिटला. नाही मिटला.

मद्रासची बीच ते तांबरम विजेची लोकल १९३१ मध्ये सुरू झाली, १५०० व्होल्ट डी.सी.वर. मुंबईची हार्बर लाइन तशीच, ३ फेब्रुवारी १९२५ पासून. १९६० च्या दशकात मद्रासची लोकल २५ हजार व्होल्ट ए.सी.वर गेली. मुंबईत मात्र हार्बरवरची डी.सी. थेट २०१६ मध्ये संपली. म्हणजे ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या १९५० च्या दशकात आल्या तेव्हा शेजारी डी.सी. होती आणि ती साठ वर्षं राहिली. मणलीची आली तेव्हा या शहरातून डी.सी. गेलेली होती. दोन शहरांतल्या पाइपांचे शत्रू वेगळे.

ए.सी.ची दिशा सेकंदाला पन्नासदा आलटून पालटून येते, त्यामुळे तिने लोखंड खाण्याचं प्रमाण फार कमी. पण तिची खोड दुसरी. रेल्वेच्या किंवा उच्चदाबाच्या तारेला समांतर पाइप कित्येक किलोमीटर गेला, तर ट्रान्सफॉर्मरसारखा त्यात व्होल्टेज निर्माण होतो. तारेचा आणि पाइपाचा स्पर्श नाही, तरीही. आणि गंमत बघा, जुन्या डांबरी लेपातून ही वीज जागोजागी मातीत झिरपून जायची. नवे पॉलिथिनचे लेप इतके उत्तम की तिला बाहेर पडायला वाटच नाही. लेप जितका चांगला, तितका पाइपावरचा व्होल्टेज जास्त. कुणी तंत्रज्ञ व्हॉल्व्ह फिरवायला हात लावतो, पाय ओल्या जमिनीवर, आणि झटका बसतो. तारेवर वीज पडली किंवा तार तुटली तर काही क्षण हजारो व्होल्ट.

म्हणजे माणूस वाचवायचा तर पाइप जमिनीशी जोडायला हवा. पाइप वाचवायचा तर तोडायला हवा. हा पेच सुटला तो पोलरायझेशन सेल नावाच्या डब्याने. त्यात दाहक पोटॅशचं द्रावण आणि धातूच्या पट्ट्या असतात. सीपीची एक-दीड व्होल्टची डी.सी. आली की तो डबा दार लावून घेतो. ए.सी. आली, वीज कडाडली, की सताड उघडतो आणि सगळं जमिनीत घालवतो. आम्ही फौजी लोक याला चांगला पहारेकरी म्हणू. घरच्या माणसाला आत ठेवतो आणि दंगेखोराला बाहेर काढतो. त्याचं पाणी आटायचं, भरत राहावं लागायचं. आता त्याच्या जागी अर्धवाहकांचे डिकपलर आले. व्हॉल्व्हभोवती जमिनीत जस्ताची पट्टी गोल पुरतात, म्हणजे हाताखाली आणि पायाखाली जवळजवळ एकच व्होल्टेज राहतो. पट्टी जस्ताची का? तांब्याची असती तर पाइप झिजला असता. बादलीचं गणित! अमेरिकन गंजतज्ज्ञांच्या १९७७ च्या नियमावलीने माणसासाठी मर्यादा ठरवली १५ व्होल्टची.

आणि ए.सी. लोखंड खात नाही, हा समजही टिकला नाही. १९८६ मध्ये जर्मनीत ए.सी. रेल्वेला समांतर जाणाऱ्या गॅसच्या पाइपला भोक पडलं. सीपी व्यवस्थित, लेप उत्तम. पण त्या उत्तम लेपात टाचणीएवढं छिद्र होतं, आणि सगळी ए.सी. त्या एका छिद्रातून मातीत जात होती. अशा जागी ती लोखंड खाते.

मग पणाला काय लागलंय?

२०१३ मध्ये उत्तर चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये लोकांच्या बोअरवेलच्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला. भूमिगत तेलवाहिनीची गळती. जमिनीत गेलेलं तेल बादलीने उपसून निघत नाही, आणि ज्यांच्या घरात ते पाणी येतं त्यांनी कधी कुठल्या फ्लँजचं नावही ऐकलेलं नसतं. पाइप कुठल्याही कारणाने फुटो, किंमत वर राहणारा माणूस मोजतो. म्हणून खाली काय चाललंय ते मोजत राहणं, ही चैन नव्हे.

आणि डी.सी. इतिहासजमा झाली असंही समजू नका. कोलकात्याची आणि बंगळुरूची मेट्रो ७५० व्होल्ट डी.सी.वर चालते. पुण्याच्या हिंजवडी मार्गासाठीही तीच निवडली आहे. चेन्नई मेट्रो ए.सी.वर आहे. चंद्रपूरहून पडघ्याला १९९९ पासून उच्चदाबाची डी.सी. येते. अशा लाइनचा एक ध्रुव बंद पडला की वीज काही काळ जमिनीतून परत जाऊ शकते. मद्रासच्या ट्रामने शिकवलेला धडा नव्या शाळेत पुन्हा गिरवायचा आहे.

या सगळ्या इतिहासातून मी एक गोष्ट घेतो. जोडावं की तोडावं, याचं एकच उत्तर नाही. कुणाला, कशापासून, कुठल्या विजेपासून वाचवायचं, हे आधी विचारावं लागतं. डेव्ही, ट्रामवाले, जर्मन इंजिनिअर, कुणीही अडाणी नव्हतं. प्रत्येकाने आपल्या समोरचा शत्रू ओळखला, शेजारचा नाही ओळखला. म्हणून दोन टेबलांवरची दोन पुस्तकं एका टेबलावर आणा. अर्थिंगचा माणूस आणि सीपीचा माणूस यांना एकाच नकाशावर सही करायला लावा. आणि त्या नकाशावर, कुठला फ्लँज जोडायचा नाही हे लाल शाईने लिहा. फ्लँजवरही रंगाने लिहा. रंग लावायला ब्रश आणि दहा मिनिटं लागतात.

रस्त्याने जाताना कधी गुडघ्याएवढा, नंबर घातलेला खांब दिसला, त्यावर छोटी पेटी आणि धोक्याची पाटी, तर थांबून बघा. तो मोजणीचा खांब असू शकतो. त्यातली एक तार खाली पाइपाला जोडलेली असते. कुणी तो उखडला असेल, पेटी फुटली असेल, तर पाटीवरच्या नंबरला फोन करा. तेवढं आपल्या सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

तुमच्यापैकी कुणी पाइपलाइनवर, रेल्वेत, वीजमंडळात काम केलं असेल, तर तुमच्याकडचे अनुभव जरूर कळवा. ठिकाणाचं नाव नसलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.

जय हिंद.